सोन्याला नाक मुरडणारे सर

आमच्या लॅबमधल्या सरांना सराफाकडे नेण्यात अर्थ नाही. भाचीच्या लग्नाच्या खरेदीत, पाटल्या हातात घेऊन ते म्हणाले, "छान आहे हो, पण अल्ट्राव्हायोलेटमध्ये सोन्याचं काही चालत नाही." सराफाने निमूटपणे चहा मागवला.

सरांचं दैवत गॅलियम. धातूच्या नॅनोकणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात आणि कणालगतचं विद्युतक्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं. या प्लाझ्मॉनिक्सच्या दरबारात मान सोन्याचांदीला, हेच सरांना खुपतं. "अरे, चांदी काळी पडते!" म्हणत ते ड्रॉवर ओढतात. जुन्या बिलांखालून नखाएवढी नीलमाची चकती निघते, तिच्यावर गॅलियमचे अर्धगोल थेंब. "गेल्या वर्षीची आहे, उघडीच. काही झालंय?" नसतंच. हवा लागली की थेंबावर काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय धरते आणि तिथेच थांबते.

प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी कथा, मग चहा. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने हे मूलद्रव्य न पाहताच सांगितलं; १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते सापडलं. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. निघाली ५.९! इथे सर टेबलावर थाप मारतात आणि कुपी हलते. पुण्याच्या एप्रिलात तिच्यातलं गॅलियम आपोआप वितळलेलं असतं, कारण त्याला २९.८ अंश पुरतात. "आणि नॅनोथेंब शून्याखालीही गोठत नाहीत, बरं का!"

सँपल करायच्या दिवशी मात्र सरांशी बोलायची सोय नाही. निर्वात पात्राच्या खिडकीला नाक लावून बसतात. आत गॅलियमची वाफ चकतीवर बसते, थेंब वाढतात, शेजारच्यांना गिळतात. थेंब मोठा होईल तसा इलेक्ट्रॉनांच्या त्या डोलण्याचा रेझोनन्स अल्ट्राव्हायोलेटकडून दृश्य प्रकाशाकडे, पुढे इन्फ्रारेडकडे सरकतो. शटर कधी पाडायचं, यातच सगळी कारागिरी. "थांब... थांब... पाड!" विद्यार्थी दर वेळी दचकतो.

एकदा एक धीट मुलगी म्हणाली, "सर, अल्ट्राव्हायोलेटमध्ये अॅल्युमिनियमपण चालतं." सर दुपारपर्यंत गप्प. मग तिच्या डब्याचं अॅल्युमिनियमचं झाकण मागून घेतलं, थोडं खरवडलं, वर गॅलियमचा थेंब ठेवला. गॅलियम धातूच्या कणांमधल्या सीमांमध्ये शिरलं आणि दुसऱ्या दिवशी झाकण पापडासारखं मोडलं. सर इतके खूश, की स्वतः जाऊन तिला नवा डबा आणून दिला.

आमच्या लॅबमध्ये कधी आलात, तर डबा स्टीलचा आणा.