काकाजींचा वार्ड

निवडणुकीला काकाजी कधी उभे राहिले नाहीत. उभे राहतात ते पानठेल्यापाशी, आणि तिथे मात्र पाचही वर्षं. सौंसर नगरपालिकेत वार्ड पंधरा, आणि प्रत्येक वार्डात असा एक माणूस असतोच. काही वार्डांत दोन असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत.

काकाजींना माणसं दिसत नाहीत, मतं दिसतात. कोपऱ्यावरचं पिवळं घर म्हणजे पाच मतं, त्यातली दोन भावकीच्या भांडणात फुटलेली. शेजारी पोरगी झाली तर पेढा तोंडात टाकून म्हणतात, "अठरा वर्षांनी कामाचं आहे, पण लग्न होऊन दुसऱ्या वार्डात जाईल." कोणाकडे सून आली तर आशीर्वादाआधी प्रश्न, "नाव चढवलं का यादीत?" मतांच्याही त्यांच्याकडे तीन जाती: पक्कं, कच्चं आणि हलतं. पक्कं मत जातीवर, नात्यावर किंवा जुन्या उपकारावर उभं असतं. कच्चं मत नालीवर ठरतं. हलतं मत शेवटच्या रात्री ठरतं, आणि ते कशानं ठरतं हे काकाजी हळू आवाजात सांगतात.

मोठ्या निवडणुकांचं त्यांना कौतुक नाही. कमलनाथ १९८० साली छिंदवाड्यातून पहिल्यांदा खासदार झाले, १९९७ च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवांनी त्यांना हरवलं, २०२४ मध्ये विवेक 'बंटी' साहूंनी नकुलनाथांना लाखाहून जास्त मतांनी पाडलं. दिल्लीपर्यंत मथळे झाले. काकाजींनी पेपर घडी करून परत दिला. "लाखाच्या लीडले काय अक्कल लागते जी? सात मतानं पाडून दाखवा म्हणा."

सात मतांचं राजकारण करायचं तर कोण कुठे आहे हे ठाऊक हवं. मतं नागपूरला कामाला गेलेली, मतं सावनेरला भाड्यानं राहणारी. छोटी लाइन होती तेव्हा ही मतं गाडीनं यायची आणि काकाजी स्टेशनावर मोजून घ्यायचे. रूळ रुंद करायला ती गाडी बंद केली, तेव्हा गावाला विकासाचा आनंद झाला. काकाजी म्हणाले, "माझे अकरा गेले."

त्यांचा एक सिद्धांत मात्र मला मनापासून पटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला, आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि मराठी सौंसर हिंदी राज्यात राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे उमेदवार दोन भाषांत मत मागतो. रिक्षावरच्या माइकवर 'भारी मतों से विजयी बनाएँ', आणि मागोमाग ओट्यावर टेकून, "वहिनी, लक्ष ठेवजा जी." काकाजींच्या मते माइकवर मागितलेलं मत कच्चंच राहतं. ओट्यावर चहा झाल्याशिवाय ते पिकत नाही.

२०२२ ची निवडणूक ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड. उमेदवार फिरले तो सगळा काळ पितृपक्षाचा. पण काकाजींनी त्यातूनही वाट काढली. मोहल्ल्यात कोणाकडे कोणत्या तिथीचं पान आहे याची यादी त्यांनी आपल्या उमेदवाराला करून दिली. तो इतक्या नेमानं हजर व्हायचा, की घास ठेवला की कावळ्याआधी हा दिसायचा. पुढे तर त्यानं फोटोतल्या म्हाताऱ्यालाही हात जोडले. "जोडू दे," काकाजी म्हणाले, "त्याचं नाव यादीत आहेच अजून."

मतदान २७ सप्टेंबरला, म्हणजे नवरात्राच्या दुसऱ्या माळेला. घरोघरी घट बसलेले, अर्धा वार्ड उपासाला. शेवटच्या रात्रीचं मटण कापायचं कोणासाठी? हलत्या मतांचं सगळं शास्त्रच कोसळलं. कोणीतरी साबुदाणा सुचवला. साबुदाण्यानं मत फिरल्याचं उदाहरण आपल्या पाहण्यात नाही, असं काकाजींनी स्पष्ट सांगितलं. मग जामसावळीला नेऊन शपथा घालायचं ठरलं. पण तिथला मारोती निजलेल्या रूपातला, एका मतदारानं शांतपणे विचारलं, "त्याले उठवून साक्ष कोण विचारन?"

निकाल उलटा लागला. काकाजींचं गणित चुकलं असं म्हणायची पद्धत नाही. उपास सुटायच्या आत मतदान घेतलं, ही आयोगाची चूक.

त्याच वर्षी आणखी एक धक्का बसला. २०१७ ला अध्यक्षासाठी लोकांचं वेगळं मत होतं. २०२२ ला अध्यक्ष पार्षदांनी निवडायचा ठरला. "पहिले त्याले पंधरा वार्ड फिरा लागे," काकाजी म्हणाले, "आता आठ घरं फिरला का झालं." पण खरं दुःख वेगळंच होतं. थेट निवडलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याची सोय आमच्या राज्याच्या कायद्यात आहे. तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली, की लोक मत देतात आणि चिन्हं असतात दोनच: भरी कुर्सी आणि खाली कुर्सी. एका गावची अशी बातमी वाचल्यापासून काकाजी रिकाम्या खुर्चीच्या प्रेमात होते. "असा उमेदवार कुठे भेटते? बोलत नाही, खात नाही, भाऊबंद नाही, ठेकेदार साळा नाही. तिचा प्रचार मले द्या, एक हलतं मत राहू देणार नाही." थेट निवडणूक गेली, त्यासोबत खुर्चीही गेली. त्या दिवशी त्यांनी पानात चुना जास्त लावून घेतला.

५ ऑक्टोबर २०२३ ला सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा झाला. नाव पांढुर्ण्याला गेलं, म्हणून पानठेल्यावर दोन दिवस बरंच तापलं. काकाजी थंड. "जिल्हा बदलला, वार्ड तर तोच आहे? पांढुर्ण्याले गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते, एक दिवस. आपल्या इथे पाच वर्ष चालते."

एकदा आरक्षणाच्या चिठ्ठीत वार्ड महिलेला सुटला. आमच्याकडे अशा वेळी नवऱ्याच्या फोटोखाली बायको उभी राहते, आणि पुढे पालिकेत बायकोच्या खुर्चीमागे नवरा. मोहल्ला काकाजींच्या घरी गेला, काकूंना उभं करा म्हणाला. काकूंनी ना केली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हिशेब तर करा, किती पडतील ते."

काकाजींनी जेवण टाळून हिशेब केला. माहेरची भावकी, भजनी मंडळ, हळदीकुंकवाच्या बाया. आकडा चांगला येत होता. सकाळी काकूंनी कागद हातात घेतला आणि त्यांचं बोट सगळ्यात वरच्या ओळीवर थांबलं. स्वतःचं घर, मतं चार. तीन पक्की, एक हलतं.

"हे हलतं कोणाचं जी?"

काकाजींनी चष्मा पुसला. "मतदान गुप्त असते," ते म्हणाले, आणि पानठेल्याकडे निघाले.