बहात्तर तपासण्या, चार बाण

सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावरच्या निवृत्त सिस्टरबाईंच्या दारात आले, तेव्हा त्यांच्या हातात बारा पानी रंगीत रिपोर्ट होता आणि चेहऱ्यावर तार आल्याचा भाव. मागे पिशवी घेऊन वहिनी. त्या भाजीला निघाल्या होत्या.

"सिस्टर, चार बाण आलेत हो!"

"किती तपासण्यांत?"

"72! दहा जण जमवले म्हणून निम्म्या पैशांत बसवलं पॅकेज." एवढ्या काळजीतही हे सांगताना त्यांची छाती जरा फुगलीच.

सिस्टरबाईंनी चष्मा चढवला. दोन बाण वर, दोन खाली, चारही कडेकडेचे. "हे कंसातले आकडे बघा. ही मर्यादा बहुतेक वेळा अशी आखतात, की धडधाकट शंभरांतले 95 आत बसावेत. उरलेले पाच धडधाकट असूनही बाहेर. आता 72 चे पाच टक्के काढा."

सेक्रेटरींनी मोबाइल काढला. "तीन पूर्णांक सहा."

"मग? हिशेबाला धरूनच आलेत की तुमचे बाण."

सेक्रेटरी खुर्चीत टेकले. सोसायटीच्या ऑडिटमध्येही त्यांना इतकं स्वच्छ उत्तर कधी मिळालं नव्हतं. पण पैसे भरलेला माणूस इतक्यात हटत नाही. "तरी लवकर कळलेलं बरंच ना? पुढच्या वर्षी गळ्याची सोनोग्राफीपण घालणार आहे."

"घाला. दक्षिण कोरियात घातली होती." तिथे सरकारी तपासणीबरोबर थोडे जादा पैसे टाकून लोक थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ लागले. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर लोक 'रुग्ण' ठरले. या कॅन्सरने मरणारे मात्र आधीसारखेच, वर्षाला तीन-चारशे. बारीकशा गाठी, ज्यांनी जन्मभर उपद्रव दिला नसता, त्या सापडल्या. सापडल्या म्हणून ग्रंथी काढल्या. ग्रंथी काढल्या म्हणून रोजची गोळी मागे लागली.

"म्हणजे तपासण्या करूच नयेत म्हणता?"

"असं मी कधी म्हटलं?" सिस्टरबाईंचा आवाज चढला. "1998 पासून टाटा हॉस्पिटलवाल्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काय केलं ठाऊक आहे? व्हिनेगर वापरलं."

"चायनीजच्या गाडीवरचं?"

"त्याच कुळातलं." दीड लाख बायकांचा तो अभ्यास. दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांना महिनाभर शिकवलं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उमटला तर पुढच्या तपासणीला धाडायचं. ज्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हे केलं, तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2013 साली हा निष्कर्ष जाहीर झाला. हा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि आधीचा चट्टा काढून टाकता येतो, म्हणून शोधण्यात अर्थ.

"वहिनींची झालीय का कधी?"

"तिला काय धाड भरलीय!"

दारातून वहिनी म्हणाल्या, "दहा जण जमवले ना, त्यात सगळे पुरुषच होते." बिचाऱ्या एकट्या नव्हत्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही निघाल्या नाहीत.

सेक्रेटरींनी रिपोर्टची गुंडाळी केली. सिस्टरबाईंनी मात्र कपाटातून बीपीचं मशीन काढलं.

"हे झालंय 72 मध्ये?"

"नाही... तो पोरगा फक्त रक्त घेऊन गेला."

पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पारा चढला. 160 वर 100.

"म्हणजे हाही हिशेबातला बाण?" सेक्रेटरींनी आशेने विचारलं.

"घाबरून आलात, जिने उतरून आलात. उद्या शांतपणे या, पुन्हा मोजू. परवाही मोजू. तसाच राहिला तर डॉक्टरांकडे जायचं, गुंडाळी करायची नाही." त्यांनी पट्टा सोडवला आणि दाराकडे बघितलं. "वहिनी, भाजी नंतर आणा. आधी बाही वर करा बघू."