ब्रिगेडियरसाहेबांचा एक फोन

अहो, जरा अशा कुंपणापाशी या. ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकूंचा थोरला भोपाळहून, एनडीएच्या एसएसबी मुलाखतीहून, परत आला... दुसऱ्याच दिवशी! पाच दिवसांची बॅग भरून दिली होती हो. इस्त्रीचे पांढरे शर्ट, बेसनाचे लाडू. डबा उघडायच्या आत स्क्रीनिंगमध्येच उडाला. धुरकट चित्र दाखवतात ना, गोष्ट लिहायची आणि मग घोळक्यात बोलायचं? तिथं म्हणे तोंडच उघडलं नाही.

आणि महिनाभर काय काय ऐकवत होत्या आपल्याला! "ह्यांचे वर्गमित्र ब्रिगेडियर आहेत, एक फोन गेला की खडकवासला पक्कं." हळदीकुंकवालाही तेच. मी म्हटलंसुद्धा, काकू, वशिला लावला तर यूपीएससी बाद करते, जाहिरातीतच छापलेलं असतं. तर हसल्या. "छापलेलं काय, सगळंच असतं हो!"

तर काय सांगत होते... हां, फोन. केला खरंच! ब्रिगेडियर म्हणाले, "वहिनी, तिथं पोरगा म्हणजे छातीवरचा नंबर. आणि सांगू कोणाला? सायकॉलॉजिस्ट वेगळा, मुलाखतवाला वेगळा, मैदानावर फळ्या-दोर देऊन नाचवणारा जीटीओ वेगळा. शेवटच्या कॉन्फरन्सपर्यंत आपापसात चकार शब्द काढत नाहीत." काकूंचा चेहरा असा पडला म्हणता! फोन स्पीकरवर होता, कामवाल्या मावशींनी सगळं ऐकलं.

आमचे हे लगेच पेपरातलं काढतात. "एवढंही सोवळं नाही, 2021 मध्ये कपूरथळ्याच्या बोर्डाचं काय झालं? सीबीआयनं लेफ्टनंट कर्नलांवर गुन्हा नोंदवला, तेरा शहरांत धाडी!" खरंय. पण तो आरोप पैसे चारल्याचा, आणि तक्रारही लष्करानंच केलेली. काका-मामाच्या फोनचं काय त्यात?

काकूंच्या नणंदेचं आणखी वेगळंच. ती न्यू जर्सीला. म्हणे तिकडे वेस्ट पॉइंटला जायचं तर खासदारानं नाव सुचवावं लागतं, एकेकाचे एका वेळी पाचच कॅडेट. काकू खूश, "बघा, अमेरिकेत उघड उघड वशिला!" अहो, नुसतं नाव सुचवून होतं का? मार्क, मेडिकल, पळापळ आहेच की पुढं. पण काकूंना तेवढंच ऐकायचं होतं.

मला विचाराल तर खरा वशिला घरातच असतो. फौजींची पोरं कँटोन्मेंटात वाढतात, जेवणाच्या टेबलावर वडिलांशी वाद घालतात, तेही इंग्रजीत. एसएसबीतले टीएटी, जीटीओ हे शब्द त्यांच्या कानावर आठवीतच. आपल्या पोरांना बारावीनंतर यूट्यूबवर कळतं. सैनिक शाळेत तर त्यांच्यासाठी जागाच राखीव आहेत, नियमानं. एनडीएला तसा कोटा नाही, पण तोवर पोर तयार झालेलं असतं ना... फोन कशाला लागतोय?

त्यावर उतारा म्हणून तर सरकारनं 1977 पासून संभाजीनगरला मुलांची एनडीएची तयारी करून घेणारं एसपीआय चालवलंय. आता नाशिकला मुलींचंही झालंय. आणि तिथूनच, अहो, हीच तर खरी बातमी... आपल्या टेलरमामांचा मुलगा लागला! मेरिट लिस्टमध्ये नाव. अठराशेपैकी नऊशे मार्क एसएसबीचेच, तिथं बाजी मारली पठ्ठ्यानं. पेढे घेऊन पहिल्यांदा कोणाकडे गेला माहितीये? काकूंकडेच! त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. काकूंनी पेढा हातातच धरून ठेवला. म्हणाल्या, "कोणीतरी ओळखीचं असेल हो वरती." मामी शांतपणे म्हणाल्या, "आहे की. तुमचेच ब्रिगेडियर." मला हसू आवरेना, पदर लावला तोंडाला.

पण काकू काही कच्च्या नाहीत हं. धाकटा अकरावीत आहे ना! काल दोन ब्लाऊजपीस घेऊन स्वतः मामांकडे गेल्या होत्या. शिलाईत एक रुपयाची घासाघीस नाही! वर विचारून आल्या, "मुलगा सुट्टीवर कधी येणार? आमच्या ह्याच्यासाठी जरा शब्द टाकायचा होता..."