चार सत्ते आणि एक बंड्या

बंड्याच्या कातडीखाली चिप बसवून आणल्यावर प्रस्तुत लेखक कोथरूडच्या आपल्या सोसायटीत अशा थाटात वावरू लागला, जणू कुत्रा त्यानं श्रीहरिकोट्याहून सोडलाय. "आता हरवायचा प्रश्नच नाही," हे त्यानं लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणातही ऐकवलं.

वास्तविक ती चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. आत ना बॅटरी, ना जीपीएस. स्कॅनर जवळ आला की तेवढ्यापुरती जागी होते, पंधरा आकडे सांगते, पुन्हा झोपते. मालकाचा फोन असतो तो नोंदणीत, बंड्यात नव्हे.

आणि फोनचंच तर रामायण! त्याच सुमारास लेखकानं जुना गुणी नंबर सोडून, पैसे मोजून, शेवटी चार सत्ते असलेला 'व्हीआयपी' नंबर घेतला. तो सांगताना सहा आकडे भरभर, मग किंचित थांबणं, मग "सात… सात… सात… सात", नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. बँक, गॅस एजन्सी, तीस वर्षांत न भेटलेले वर्गमित्र, सगळ्यांना कळवून झालं. दूधवाला नुसतं "बरं" म्हणाला, ते अजून सलतं.

चिपच्या नोंदणीला कळवायचं तेवढं राहिलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री हजाराची माळ लागली आणि बंड्या पट्ट्यातून मान सोडवून पळाला. कुणा भल्या मुलीनं त्याला दवाखान्यात नेलं. स्कॅनर फिरला, आकडे उमटले, नोंद सापडली, फोन लावला. तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यांमध्ये आलेल्या चिपवाल्या कुत्र्यांपैकी ५२ टक्के घरी परतली; एरवी हे प्रमाण २२ टक्के होतं. चिप असूनही मालक न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण चुकीचा किंवा बंद फोन. इंग्लंडात तर कुत्र्यांना २०१६पासून आणि मांजरांना जून २०२४पासून चिप सक्तीची आहे, आणि बदललेला नंबर कळवला नाही तरी ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखकाला दंड कुणी केला नाही. दोन रात्री जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा सवयीनं टेबलाखाली जायचा, आणि तसाच हातात परत यायचा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचे कपडे पोचवायला गेलेल्या इस्त्रीवाल्यानं बंड्याला ओळखलं. "हा त्या सात-सात-सातवाल्या काकांचा."

नोंद दुरुस्त करायला बसल्यावर 'पर्यायी संपर्क' या रकान्यात बायकोनं न विचारता इस्त्रीवाल्याचा नंबर लिहिला.

"कसला आहे त्याचा नंबर?" लेखकानं मान वाकडी करून पाहिलं.

"चालू आहे," ती म्हणाली.