पाहुणे जस्ट इन टाइम

प्रॉडक्शन प्लॅनिंगवाल्याला कंपनीत सगळे घाबरतात आणि घरी कुणीच नाही. चाकणला माझ्या एका मेलवर लाइन थांबते. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या सांगण्यावरून कुकरखालचा गॅससुद्धा कुणी बारीक करत नाही. म्हणून लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला ६० माणसं बोलवायचं ठरलं आणि केटररनं ताटामागं २५० रुपये सांगितले, तेव्हा मला धक्का बसायच्या ऐवजी आनंद झाला. घरच्यांना माझी किंमत कळायची वेळ आली होती.

“घरीच करू,” मी जाहीर केलं.

“अहो, ६० माणसं आहेत,” बायको म्हणाली.

“आम्ही रोज हजारो पार्ट वेळेवर लाइनला लावतो. ६० मिसळी काय जड आहेत?”

“पार्टना मीठ घालावं लागत नाही.”

साताऱ्याहून आलेल्या आईनं सुपारी कातरता कातरता एवढंच विचारलं, “आचारी कोण?” मी स्वतःकडं बोट दाखवलं. तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि नातीला मांडीवर घेतलं. त्या घटकेपासून कार्यक्रम संपेपर्यंत तिनं नातीला खाली ठेवलं नाही. रिकाम्या हाताच्या माणसाला काम लागतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

ज्यांचा चाकणच्या कंपन्यांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जस्ट इन टाइम म्हणजे माल साठवायचा नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच करायचा. टोयोटात ही पद्धत तायची ओनो यांनी बसवली, आणि तिच्यातल्या कानबान कार्डांची कल्पना त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटांवरून सुचली: गिऱ्हाइकानं जेवढं उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. म्हणजे मूळची ही किराणा दुकानातली अक्कल. ती कारखान्यात गेली, मोठी झाली, जगभर गाजली. तिला परत स्वयंपाकघरात आणायचं तेवढं राहिलं होतं, ते मी अंगावर घेतलं.

एक्सेल शीट तयार झाली. मिसळ, मसालेभात, मठ्ठा आणि बाहेरची जिलेबी. मूळ कृती यूट्यूबवरची, ४ माणसांची; तिला १५ नं गुणलं की ६०. त्रैराशिक मला शाळेपासून येतं. जनरल शिफ्ट सुटली की लोक ६ ते ९ या वेळात येणार, म्हणजे तासाला २० माणसं, म्हणजे दर ३ मिनिटांना एक ताट. हा आमचा टाकट टाइम. पावाच्या क्रेटवर लाल कार्ड, मठ्ठ्याच्या पिंपावर पिवळं. क्रेट रिकामा झाला की लाल कार्ड मेहुण्याच्या हातात आणि मेहुणा स्कूटरवरून बेकरीत. त्याला मी ‘मटेरियल हँडलर’ म्हणालो, तेव्हा त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि बहिणीनं छताकडं.

खरेदीत मात्र माझ्यातला शेतकरी जागा झाला. चाकणचा बाजार कांदा-बटाट्याचा. मोटारींच्या कंपन्या कालच्या, कांदा फार जुना. शनिवारी तिथं कांद्याचा भाव ऐकला, ओनो विसरलो आणि गोणी उचलली. पन्नास किलोची. मिसळीला लागणार होता त्यातला पाचवा हिस्सा. उरलेला बाल्कनीत गेला आणि बाल्कनीतली तुळस जिन्यात आली.

आता मटकी. पाच किलो मटकी भिजवली, निथळली आणि वाटीभर मटकीला लागतं तसंच फडक्यात बांधून, जागा वाचावी म्हणून सगळी गाठोडी एकाच प्लास्टिकच्या पिंपात रचून वर झाकण लावलं. महिना मे. मोड येताना कडधान्य श्वास घेतं आणि ऊब सोडतं. वाटीभर मटकीची ऊब कुठं जाते ते कळत नाही. पिंपभर मटकीला जायला जागाच नसते. सकाळी झाकण काढलं आणि मी दोन पावलं मागं आलो. वरच्या गाठोड्यात सुरेख बोटभर मोड. दुसऱ्यात हात घातला तर गरम. तळाच्या गाठोड्यातून बुडबुडे येत होते आणि फडकं हाताला बुळबुळीत लागत होतं. वास तर असा की शेजारच्या काकूंनी दार उघडून “ड्रेनेज तुंबलंय का हो?” असं विचारलं. मी “नाही, मिसळ आहे,” असं म्हणालो नाही.

निम्मी मटकी फेकली. शीटमध्ये मसालेभाताचा आकडा वाढवला.

मसालेभाताला मंडपवाल्याकडून जर्मनचं मोठं पातेलं भाड्यानं आणलं होतं. ते लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्यानं वर आलं, ओट्यावर चढलं आणि शेगडीच्या दोन बर्नरवर अर्धं अर्धं बसलं. म्हणजे नेमकं मधोमध त्याच्याखाली काहीच नव्हतं. इथं थोडं गणित सांगतो, कारण ते मला त्या संध्याकाळी कळलं आणि पदवीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. पातेलं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर आत आठपट माल मावतो, पण बूड चौपटच होतं. आच लागते ती बुडाला. त्यात घरच्या रेग्युलेटरमधून गॅस येतो तो चहा-भाजीपुरता. आचाऱ्याची भट्टी हाय प्रेशरवर चालते ती उगीच नाही. शिवाय पाणी. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घातलं तर त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. सहा-सात किलो तांदळाच्या पातेल्यात तेवढ्या प्रमाणात वाफ होत नाही, म्हणून मोठ्या मापाला पाणी हात आखडून घालायचं असतं. मी शीटप्रमाणे घातलं. मिठाचं आणि गोड्या मसाल्याचंही तेच: पंधरा गुणिले.

भात झाला. तळाशी करपा, मध्ये पोस्टर चिकटवायची खळ, वर टचटचीत कच्चा. झारा उभा केला तर उभा राहिला. बायकोनं एक शीत तोंडात टाकलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

एवढं होऊनही माझा टाकट टाइमवर विश्वास होता. तो घालवला पुणे-नाशिक रस्त्यानं. चाकणचा तळेगाव चौक ज्यांनी संध्याकाळी पाहिलाय त्यांना समजावून सांगायला नको. तासाला २० च्या हिशेबानं येणारे पाहुणे आंबेठाण चौकापासून एकाच गर्दीत अडकले, एकमेकांना फोन करत राहिले आणि ती सुटली तशी सगळेच्या सगळे एकदम दारात. चाळीसेक माणसं, बूट काढायला जागा नाही, आणि आत तयार ताटं तीन. मेहुणा लाल कार्ड घेऊन गेला होता तो स्पाइन रोडवर कुठंतरी उभा. बेकरीतले पाव संपल्याचं त्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज मला जरा आनंदी वाटला.

याच चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाइस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं होतं. आमच्या ओट्यानं पाऊण तासात शरणागती दिली.

तहाची बोलणी करायला खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्या आणि त्यांचे यजमान भाऊ जळगावकडचे. भाऊंनी पातेल्यात डोकावून पाहिलं, झारा हलवून बघितला आणि म्हणाले, “हे काय करू राह्यले भो तुम्ही?” मी शीट दाखवायला लागलो. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली, घडी करून गरम तवा उचलायला वापरली आणि विचारलं, “भावजी, तुरीची डाळ आहे का घरात?” डाळ होती. “मग झालं. मुलांना केक द्या, मोठ्यांना जिलेबी-मठ्ठा द्या आणि तासभर कुणाला वर पाठवू नका.”

पिंपरी-चिंचवडमध्ये शेजार असा सोयीचा मिळतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी आली, मग स्कूटरी, ट्रक, मोटारी. आणि प्रत्येक कारखान्यामागं कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातली माणसं येत गेली. खानदेशातली तर इतकी, की इथल्या महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयालासुद्धा नाव बहिणाबाई चौधरींचं आहे. थंडीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची भरीत पार्टी होते, त्यामुळं भट्टी, कढई, परात सगळं त्यांच्याकडं तयार. मी गेली काही वर्षं त्या भरीत पार्टीला जेवायला जातोय. भांडी कुणाची, हे कधी विचारलं नव्हतं.

वरण-बट्टी करताना मी पहिल्यांदाच नीट पाहिली. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, इतकं घट्ट की वहिनींसह तिघीजणी परातीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्याचे लांबट उंडे करून वाफवायचे, जरा निवले की सुरीनं तुकडे करायचे आणि कढईत खरपूस तळायचे. एका शेगडीवर उंडे, भट्टीवर तेल, दुसरीकडं वरण शिजतंय. कुणी कुणाला कार्ड देत नव्हतं. तिघींपैकी एक नुसतं “हं” म्हणायची आणि पुढचा घाणा तेलात पडायचा. मेहुण्याला फोन गेला, पाव नको, वांगी आण. त्यांची घोटून भाजी झाली. मला काम मिळालं कांदे फोडायचं. गोणी होतीच.

पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या, पंगत बसली. बट्टी कुस्करायची, मध्ये आळं करायचं, त्यात ओगराळ्यानं वरण आणि वर तूप. आमचा क्वालिटीवाला मदुराईचा, डिस्पॅचमधले दोघं बिहारचे. बिहारवाले एकमेकांकडं बघून म्हणाले, ही तर आमच्या लिट्टीच्या घरातली. मदुराईवाल्यानं वरणाला सांबार म्हणून तीनदा मागून घेतलं. सेकंड शिफ्टची न बोलावलेली पाच-सहा पोरंही रात्री उशिरा आली. माझ्या पोटात गोळा आला. वहिनींनी वरणात तांब्याभर उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ घातलं, “बसा रे,” म्हणाल्या, आणि विषय संपला.

साठांचं जेवण म्हणजे चौघांचं जेवण गुणिले पंधरा नव्हे, ही गोष्ट मला तिथं कांदे फोडताना पटली. ते वेगळंच जेवण असतं. जुन्नरकडं आण्याला रंगदासस्वामींच्या यात्रेत हजारो माणसं जेवतात ती आमटी-भाकरीवर: भाकरी गावोगावच्या घरांतून येते, आमटी एका जागी कढयांतून शिजते. सप्ताहाच्या काल्याला आमटी-भात आणि बुंदी. पदार्थ दोन-तीनच, थांबला तरी बिघडणार नाही असा, पाणी घातलं तर वाढणारा, आणि वाढायला चार माणसं पुरतील असा. मिसळीत यातलं एकही बसत नाही. तर्री वेगळी, फरसाण वेगळं, पाव ताजा हवा, कांदा आयत्या वेळी चिरलेला, आणि दोन मिनिटं उशीर झाला की फरसाणाचा लगदा. मिसळ खायला हॉटेलात जावं. तिथला आचारी बाकी काही करत नाही.

हिशेबही झाला. वरण-बट्टीला ताटामागं तिसेक रुपये पडले, वांगी आणि तूप धरून. माझ्या मिसळ-मसालेभाताचा खर्च मात्र केटररच्या निम्म्याच्या पुढं गेला होता, आणि त्यातलं कुणी काही खाल्लं नव्हतं. बायकोनं हा आकडा शीटमध्येच, लाल रंगात भरून ठेवला आहे.

तुमच्याकडं असं काही कार्य निघालं तर आधी भट्टी कुणाकडं आहे ते विचारा, मग पदार्थ ठरवा. मोशी-चिखलीच्या बाजूला राहत असाल तर आमच्या बाल्कनीतून कांदा घेऊन जा; त्यालाही आता मोड आलेत. आणि त्या रात्री उरलेली बट्टी ज्यांनी ज्यांनी घरी नेली, त्यांना ही जाहीर विनंती: स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे, त्या रोज विचारतात, तेव्हा डबे परत करावेत. डबा रिकामा परत करू नये अशी आपल्याकडं रीत आहे, पण रिकामा चालेल. मटकी घालून आणू नका.