तब्येत कशी आहे, आणि ती फाइल कुठे आहे?

आजारी माणसाच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. शहाळं, मोसंबी, गेला बाजार ग्लुकोजचा पुडा तरी न्यावा. साहेब प्रत्यक्ष येत नाहीत, फोनवर येतात. पण रिवाज पाळतात. येताना काम घेऊन येतात. या फोनचं व्याकरण ठरलेलं असतं. पहिलं वाक्य 'आता कसं वाटतंय?', दुसरं 'काही टेन्शन घेऊ नकोस, आरामच कर', आणि तिसरं 'पण'ने सुरू होतं. ताप किती आहे हे सांगून होण्याच्या आत पासवर्ड काय आहे हे सांगावं लागतं. लोक या फोनला निष्ठुरपणा म्हणतात. ते अन्यायाचं आहे. फोन करणारा बहुधा भला माणूस असतो, आणि त्याला मनापासून ओशाळल्यासारखंही होत असतं. मुळात हा फोन म्हणजे कार्यालयाचा कबुलीजबाब असतो. आमच्याकडे कामाची नोंद नाही, बदली माणूस नाही, आणि या दोन्हींचा खर्च आम्ही तुझ्या अंथरुणावरून वसूल करणार आहोत, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. फक्त ते चौकशीच्या सुरात सांगितलेलं असतं.

सुट्टी आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, रविवार हा खंडोबाचा वार आहे असं मालकांना बजावलं, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. त्या कामगाराचे हाल आजच्या नोकरदाराला सोसणार नाहीत. पण एका बाबतीत तो भाग्यवान होता. गिरणी गिरणीतच राहायची. चाती कनवटीला लावून घरी नेता येत नव्हती, आणि जॉबर कितीही खमक्या असला तरी चाळीतल्या खोलीत त्याला तुटलेला धागा जोडून घेता येत नव्हता. आता साचा खिशात आहे आणि भोंगा उशाशी. २०२५ च्या जानेवारीत एका बलाढ्य कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तासांचा हिशेब मांडला, आणि लोकांना रविवारी कामाला लावता येत नाही याची जाहीर खंत केली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. गदारोळ अनाठायी होता. अध्यक्षांनी निदान मागितला तरी. बाकीच्यांनी रविवार न मागताच परत घेतलेला आहे, आणि तोही दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांनी.

कायद्याला हे कोडं नवीन नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने साधा नियम घातला होता: ज्या दिवशी माणूस काम करतो, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळत नाही. एकाच दिवशी एकाच देहाला आजारी आणि कामावर असं दोन्ही असता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. सध्याच्या कार्यालयांनी मात्र हा चमत्कार घडवून आणला आहे. फोन करताना तो माणूस कामावर असतो आणि रजेच्या खात्यातून दिवस वजा करताना आजारी असतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिलेला आहे; पण सलाईन लागलेल्या हाताने मोबाइल धरून समजावून दिलेलं एक्सेल कोणत्या मस्टरवर चढतं? ते जादा काम धरलं जात नाही आणि कामही धरलं जात नाही. त्याला 'को-ऑपरेशन' म्हणतात, आणि को-ऑपरेशनला दर नसतो.

यावर मालकवर्गाचं पहिलं उत्तर असं, की काम अडलेलं असतं आणि ते त्या एकट्यालाच माहीत असतं. मग विचारायचं कोणाला? उत्तर वजनदार आहे, पण ते देणाऱ्याच्याच पायावर पडतं. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या जुलैमध्ये बँकांना सांगितलं, की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, कोणतीही पूर्वसूचना न देता सक्तीने रजेवर पाठवा. आणि त्या काळात सर्वसाधारण ईमेल सोडून कामाच्या कोणत्याही साधनापर्यंत त्यांना पोहोचू देऊ नका. या आदेशामागे दयाबुद्धी नाही. खुर्चीवरचा माणूस उठल्याशिवाय खुर्चीखाली काय दडलंय ते दिसत नाही, हा त्यामागचा रोकडा अनुभव आहे. फ्रान्सच्या सोसिएते जनेराल बँकेला ज्याच्या व्यवहारांमुळे २००८ मध्ये सुमारे ४.९ अब्ज युरोंचा खड्डा पडला, त्या जेरोम केरव्हिएलने आधीच्या अख्ख्या वर्षात अवघे चार दिवस रजा घेतली होती. वरिष्ठांना असा मोहरा किती प्रिय वाटतो, हे सांगायला नको. जिथे सगळं काम एकाच डोक्यात आहे, तिथे एकतर घोटाळा आहे किंवा घोळ आहे. घोटाळा नसेल, तर घोळ कोणाचा? अंथरुणावर पडलेल्याचा, की वर्षभर दुसरा माणूस तयार न करता पगार वाचवणाऱ्याचा?

दुसरं उत्तर वेळेचं: दोनच मिनिटांचं तर काम. मिनिटं दोनच असतात, यात वाद नाही. पण सोफी लेरॉय या अभ्यासिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम मध्येच सोडून दुसऱ्याला लागलेल्या माणसाचं थोडं मन पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसरं काम त्या प्रमाणात बिघडतं. आजाऱ्याच्या बाबतीत ते दुसरं काम म्हणजे बरं होणं. शिवाय दोन मिनिटांचा फोन एकदा आला, की पुढचे चार तास तो पुन्हा येण्याची वाट पाहण्यात जातात, आणि ती वाट पाहणं कोणाच्याच हिशेबात नसतं. या मिनिटांचा भाव मुंबईच्या ड्रीम इलेव्हन कंपनीने उघडपणे लावून दाखवला. आठवडाभराच्या रजेवर असलेल्या सहकाऱ्याला कामासाठी गाठलं तर सुमारे एक लाख रुपये दंड, असा तिचा नियम २०२२ मध्ये गाजला. आणि कंपनी कोणा एकावर अडून बसलेली नाही ना, हे तपासणं हाही त्यामागचा हेतू सांगितला गेला. जे काम फुकटात 'अर्जंट' असतं, ते लाख रुपये म्हटल्यावर सोमवारपर्यंत थांबतं का, हा प्रयोग कोणत्याही कार्यालयाने करून पाहावा.

खरी निकड असतेच की, असं कोणी म्हणेल. आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. रोहित्र जळतं, रुग्ण अत्यवस्थ होतो, रेल्वेचा सिग्नल बंद पडतो. पण जिथे निकड खरी असते, तिथे पाळ्या लागलेल्या असतात. आज रात्री कोणाला उठवायचं, हे फळ्यावर लिहिलेलं असतं आणि तापाने फणफणलेल्याचं नाव त्यात नसतं. पाळी न लावता उद्भवते ती निकड नव्हे, ती सवय. शेवटचा आक्षेप अधिक नाजूक आहे: माणसं स्वतःहून उत्तरं देतात, त्यांना कोणी बळजबरी करत नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. मार्चमधल्या अप्रेझलची धास्ती तर असतेच. पण आपल्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही, ही गोडीही तापात थोडी चढते. या गोडीवर एक उतारा आहे. ज्याच्यावाचून पान हलत नाही त्याची पगारवाढ त्या मानाने झाली आहे का, ते पाहावं. नोकरदार बिनमहत्त्वाचा नसतोच. पण फोन उचलून तो ते महत्त्व फुकटात वाटून टाकतो.

मग कायदा करावा का? ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या ऑगस्टपासून नोकरदाराला कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. मात्र स्वातंत्र्यानंतर संसदेत संमत झालेली खासगी विधेयकं अवघी चौदा, आणि त्यांतलं शेवटचं १९७० सालचं. त्यामुळे त्या भरवशावर आत्ताच आजारी पडणं बरं नाही. तोवर कार्यालयांनी स्वतःचीच वही उघडावी. दहा मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क लागतो, आणि तीन लेट मार्कांची अर्धी रजा कापणारी कार्यालयं थोडी नाहीत. मिनिटांचा एवढा चोख हिशेब ज्यांना येतो, त्यांना तोच उलटा करायला अवघड जाऊ नये. रजेवरच्या माणसाला केलेला प्रत्येक फोन मस्टरवर मांडावा: कोणी केला, कशासाठी केला, किती मिनिटं चालला. तीन फोन झाले की अर्धी रजा खात्यात परत. वर्षअखेरीला ज्याच्या नावासमोर सगळ्यात जास्त फोन दिसतील, त्याला कोणी बोल लावू नये. त्याला सलग दहा दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावं. ती फाइल कुठे आहे, हे तेवढ्या दिवसांत कपाटालाच विचारायची सवय लागेल.