किती बीएचके?

दिल्लीत डिझेलची गाडी १० वर्षांची होत आली की तिच्या मालकाला घाम फुटतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये अशा गाड्यांना तिथल्या रस्त्यांवर मज्जाव केला. तेव्हापासून दिल्लीतली धडधाकट वाहनं परराज्यांत नवा संसार थाटायला निघतात. आमची कॅम्पर व्हॅन याच वाटेने स्वस्तात पदरात पडली. मूळची फोर्स ट्रॅव्हलर. आत पलंग, ओटा, सिंक, फ्रिज आणि पडद्यामागे एक संडास, ज्याच्या वापराबाबत घरात अद्याप एकमत नाही.

दिल्ली आणि पुणे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ४८ वर येतात. म्हणजे नाकासमोर चालवत आणायची. पण चौदाशेहून जास्त किलोमीटर म्हटल्यावर माझ्या कमरेने परस्पर नकार कळवला. ट्रान्सपोर्टने मागवायचं ठरलं.

एका ठिकाणी चौकशी केली आणि माझा नंबर गावभर झाला. पहिला फोन मोटारी पोचवणाऱ्याचा.

“सेडान की एसयूव्ही?”

“कॅम्पर व्हॅन.”

“एसयूव्ही लिहितो.”

उंची ऐकल्यावर त्याने लिहिलेलं खोडलं. टपावरच्या एसीसकट गाडी जवळजवळ तीन मीटर. त्यांच्या बंद कंटेनरमध्ये मोटारी वरखाली दोन मजल्यांवर लावतात. आमची बाई एकटीच दोन्ही मजले अडवणार. शिवाय आत सामान चालत नाही. “गादी, शेगडी, भांडी म्हणजे घरसामान झालं. पॅकर्सना विचारा.”

पॅकर्सवाल्याच्या आवाजात मध होता. “किती बीएचके, सर?”

“एकच खोली आहे.”

“मजला कितवा? लिफ्ट आहे?”

“तळमजला. खाली चाकं आहेत.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मध आटला. “सर, हे वाहन झालं. आमच्याकडे बसत नाही.”

सरकारला हा प्रश्न कधीच पडलेला नाही. वाहनांचे प्रकार ठरवणाऱ्या केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत चक्क नावानिशी आहे. हे मी त्याला ऐकवलं. “चांगली माहिती दिलीत, सर,” म्हणून त्याने फोन ठेवला.

तिसरा लो-बेडवाला. एरवी जेसीबी वाहणारा, त्यामुळे घर की गाडी या वादात तो पडलाच नाही. वजन विचारलं आणि बिल्टीत ‘मशिनरी, नग १’ लिहू म्हणाला. मात्र पुण्याहून रिटर्न लोड मिळेल याची खात्री नसल्याने येण्याजाण्याचं भाडं आमच्याच माथी. तो आकडा ऐकून माझी कमर गाडी चालवायला तयार झाली.

शेवटी विकणाऱ्यानेच ओळखीचा ड्रायव्हर दिला. आरटीओची एनओसी, विमा आणि पीयूसी घेऊन तो निघाला. फास्टॅग माझ्या मोबाइलला जोडलेला, त्यामुळे टोल कापल्याचे मेसेज हेच आमचं प्रवासवर्णन. किशनगडनंतर भिलवाड्याकडचा टोल यायला हवा होता. आला राजसमंदच्या बाजूचा. “पळवली,” बायको नकाशा बघत म्हणाली.

संध्याकाळी फोटो आले. स्वारी वाट वाकडी करून नाथद्वाराला श्रीनाथजींच्या दर्शनाला गेली होती. पहिल्या फोटोत आमची व्हॅन, दुसऱ्यात आमच्या शेगडीवर चहा, तिसऱ्यात आमच्या गादीवर त्याची उशी. खाली अभिप्राय : “साहब, गद्दा बढिया है. नल थोडा टपकता है.”

बायको म्हणाली, “संडासाचं विचारा.”

मी विचारलं नाही.

चारोटीचा, मग खानिवड्याचा टोल कापला गेला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण सोसायटीच्या फाटकावर सेक्रेटरीसाहेब टेप घेऊन उभेच होते. त्यांनी उंची मोजली, खिडकीतून आत डोकावले.

“झोपायची सोय आहे?”

“आहे.”

“स्वयंपाक होतो?”

“होतो.”

त्यांनी फाइलमधून दोन अर्ज काढले : एक पार्किंगच्या स्टिकरचा, दुसरा भाडेकरूच्या नोंदणीचा. पहिला मी भरला. दुसरा घेऊन ते व्हॅनच्या दाराशी गेले, कारण ड्रायव्हर अजून उतरलाच नव्हता. आतून त्याने एवढंच विचारलं, “साहब, शक्कर कितनी?”